रुमालाखालचं इंग्रजी

“धंदा शिकायला समुद्रापलीकडं जायचं म्हनतोस? मंग मी इतकी वर्षं बेल्ह्याच्या बाजारात काय माश्या मारल्या का रे?”

कासमभाईंनी हे विचारलं तन्वीरला, पण बघत होते बोकडाच्या दातांकडं. बोकडाचा जबडा त्यांच्या दोन्ही हातांत होता, त्यामुळं तो बिचारा काही बोलू शकत नव्हता. तन्वीरचा जबडा मोकळा होता.

“तुमी धंदा करता अब्बा. मला धंदा शिकायचाय. दोन्हीत फरक हाय.”

“काय फरक?”

“ते शिकल्यावरच सांगता येईल ना!”

एरवी या घरात अर्धी हिंदी अन् अर्धी मराठी चालायची. भांडण मात्र चोख मराठीत. गल्लीला नीट कळलं नाही तर भांडून उपयोग काय? आणि गल्लीही कदर करणारी होती. समोरच्या हौशीरामकाकांनी पिठाची गिरणी बंद केली. आत कुणाची तरी बाजरी अर्धी दळून पडली होती, पण असल्या वेळी गिरणीच्या आवाजात एखादा शब्द निसटला तर काका दिवसभर हळहळायचे. जुन्नरच्या त्या गल्लीत गिरणी अवेळी थांबली की लोक समजून जायचे, कासमभाईंकडं काहीतरी पेटलंय.

काका पीठ झटकत आले. “कुठं चाललाय म्हनं तन्वीर?”

“न्यूझीलंडला,” कासमभाई म्हणाले. “आकरावीतनं शाळा सोडल्याली अन् आता न्यूझीलंडला!”

हे मात्र तन्वीरला लागलं. शाळा त्यानं सोडली हे खरं, पण कशी सोडली हे कुणी विचारत नाही. दर सोमवारी बाजार. दर मंगळवारी सर त्याला वर्गाच्या दारात उभं करायचे. एका मंगळवारी तो म्हणाला, उभंच राहायचं तर बाजारात राहतो, तिथं निदान माल तरी खपतो. आणि दप्तर घेऊन जो निघाला तो निघालाच. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी पास झाला, कॉमर्सला. त्याचे पेढे याच हौशीरामकाकांनी खाल्ले होते. पण गल्लीची आठवण अशी की शाळा सोडल्याची तारीख पाठ, अन् पेढा मात्र पचून गेलेला.

काकांनी मोबाईलवर काहीतरी चाळलं. “कासमभाई, तिकडं मानसांपरीस मेंढरं जास्त हायत म्हनं.”

कासमभाईंनी बोकडाचा जबडा सोडला. “जास्त म्हंजी?”

“लई जास्त.”

“अन् शेळ्या?”

“शेळ्यांचं काय लिहिलं न्हाई.”

“मंग अर्धवट माहिती हाय तुझी,” कासमभाई म्हणाले. पण आवाज उतरला होता. खुंटीवरचा लाल चौकड्यांचा रुमाल त्यांनी काढला आणि खांद्यावर टाकला. याचा अर्थ आता बाजाराच्या भाषेत बोलणार.

या रुमालाचं सांगायला पाहिजे. शेळ्या-बोकडांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा अन् विकणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. वरून बघणाऱ्याला दोन माणसं गुपचूप नमस्कार करतायत असं वाटतं. पटलं की विकणारा रुमाल उचलतो अन् म्हणतो, ‘दिला.’ झालं. एकदा रुमाल उचलला की शब्द फिरत नाही. कासमभाईंचा तर आजवर फिरला नव्हता, आणि या एका गोष्टीवर त्यांची सगळ्या बाजारात इज्जत होती.

“एक डाव,” ते म्हणाले. “तिकडं जायला लागनारी ती इंग्रजीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालास तर जा. नाय झालास तर हा रुमाल खांद्यावर घ्यायचा, बाजारात बसायचं, अन् परत न्यूझीलंडचं नाव काढायचं न्हाई.”

“कबूल,” तन्वीर म्हणाला. दुसऱ्या झटक्याची सोय तशीही नव्हती. परीक्षेच्या फीसाठी त्यानं आपली मोटारसायकल विकली होती. आता विकण्यासारखं त्याच्याकडं फक्त डोकं होतं, आणि ते तापलेलं असल्यानं गिऱ्हाईक मिळालं नसतं.

नवापैकी सहा पाहिजे होते. तेवढे मिळाले की तिकडच्या कॉलेजात बिझनेसच्या कोर्सला जागा. सहा म्हणजे काय फार नाही, असं त्याला वाटलं. आत घरात अम्मी, म्हणजे खातूनबी, भाकरी थापता थापता म्हणाली, “सहा मिळवा न्हाईतर साठ, आधी जेवून घ्या.”

पण परीक्षेला बसायलाच पासपोर्ट लागतो. हे कळलं तेव्हा तन्वीरनं फॉर्म भरला आणि थोड्या दिवसांनी पोलीस चौकशीला आला. आता गल्लीत पोलीस आला म्हटल्यावर कारण नंतर कळतं, गर्दी आधी होते. चांगल्या वर्तणुकीसाठी दोन शेजाऱ्यांची साक्ष पाहिजे होती. दोघांऐवजी आख्खी गल्ली तयार होती, पण हवालदारांनी हौशीरामकाका अन् भाजीवाल्या साळुबाईला निवडलं. तन्वीरला वाटलं, दोघांच्या मांडीवर वाढलोय, काळजी नाही.

“पोरगं लई गुनाचं हाय साहेब,” साळुबाईनं सुरुवात झकास केली. “माझ्या पत्र्यावर दगड मारला व्हता त्यानं, पन ते माकड हाकलायला.”

हवालदारांचा पेन थांबला. “दगड?”

“माकडाला न्हाई लागला,” साळुबाईनं खुलासा केला. “पत्रा तेवढा फुटला.”

हौशीरामकाकांना वाटलं, आता आपणच सावरलं पाहिजे. “तसं न्हाई साहेब. त्यो भांडतो, पन मारत न्हाई. गेल्या उरसात मारलं व्हतं, पन ते समोरच्यानं आधी—”

“काका, गप बसा!” तन्वीर ओरडला.

हवालदारांनी चष्म्यावरून बघितलं. “असाच ओरडतो का हा?”

“न्हाई न्हाई,” काका घाईघाईनं म्हणाले, “आज जरा कमीच हाय.”

हवालदार भला माणूस असावा, किंवा त्यांच्या घरी असंच एखादं पोरगं असावं. वही मिटून ते निघून गेले आणि यथावकाश पासपोर्ट आला. त्यातल्या फोटोत तन्वीर असा बघत होता, जणू कॅमेऱ्यानंच आधी खोडी काढली.

मग क्लास. मंचरला औषध-बियाण्यांच्या दुकानावर, जिना चढून गेलं की वृषाली मॅडमचा क्लास. मॅडम महाळुंगे पडवळच्या. बोलायला मऊ, पण ऐकायला फार कडक. वर्गात कायम फवारणीच्या औषधाचा वास भरलेला असायचा, त्यामुळं आत माश्या नव्हत्या अन् झोपही येत नव्हती. मॅडमच्या गावची प्राची नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची, तिचं इंग्रजी कॅनॉलला पाणी सोडल्यासारखं वाहायचं. तन्वीर शेवटच्या बाकावर, टेलच्या शेतकऱ्यासारखा. तिथवर काही पोचत नव्हतं. पण पोरगं जिद्दी. बाकी पोरं एक धडा करायची तिथं हा तीन करायचा. वाचायला जमायला लागलं, लिहायला जमायला लागलं, ऐकायलाही. जुन्नरहून मंचरपर्यंत एसटीत कानात इअरफोनची बोंडकी घालून इंग्रजी बातम्या ऐकायचा आणि ब्रेक लागला की मधेच ‘सॉरी’ म्हणायचा.

घोटाळा झाला तो बोलण्यात. मॅडमनी समोर बसवून परीक्षेसारखी परीक्षा घेतली.

“डू यू लाइक युवर होमटाऊन?”

“व्हाय?” तन्वीर म्हणाला. “यू वाँट टु कम?”

मॅडमनी पुढचा प्रश्न घेतला. “व्हॉट डू यू डू इन युवर फ्री टाइम?”

“हू टोल्ड यू आय हॅव फ्री टाइम?”

मॅडमनी पेन खाली ठेवला. “तन्वीर, तुला अटक केलेली नाहीये. मी फक्त प्रश्न विचारतेय.”

“मंग मी पन उत्तरच देतोय की.”

“तू उत्तर देत नाहीस. तू उलट प्रश्न विचारतोस.”

वर्ग हसला. तन्वीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्याची नजर तेज, आणि स्वतःवर पडली तरी ती चुकायची नाही. खरंच होतं ते. लहानपणापासून तो बाजारात वाढलेला. तिथं पहिला नियम असा, की जो आधी बोलला तो बुडाला. कुणी विचारलं बोकड केवढ्याला, तर आपण विचारायचं तुम्ही केवढ्याला मागता. कुणी विचारलं कुठनं आलाय, तर आपण विचारायचं तुम्हाला कुठं जायचंय. त्याची सवय इतकी की सकाळी अम्मी म्हणाली चहा घेतो का, तरी तो म्हणायचा तू घेनार का. घरात कुणाला सरळ उत्तर मिळून जमाना झाला होता, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं.

“आत्ता तुला बोलण्यात चार मिळतील,” मॅडम म्हणाल्या.

“चार?” तन्वीर पुढं सरकला. “मॅडम, जरा वर या की. साडेपाच करा. मी रोज येतो.”

हे ऐकून प्राचीनं कपाळाला हात लावला. तन्वीर तिच्याशी पुढं बरेच दिवस बोलला नाही. आधीही बोलत नव्हता, पण आता ठरवून.

ही बातमी गल्लीत कशी पोचली देव जाणे. सल्ल्यांची रीघ लागली. साळुबाई म्हणाली, जीभ जड असंल तर सकाळच्या पारी मिरी चघळ. त्यानं चघळली. दिवसभर इंग्रजी आलं नाही, ढेकर आले. हौशीरामकाका म्हणाले, शेळ्यांशी इंग्रजी बोल, त्या हसत न्हाईत. हा सल्ला खरा तर बरा होता. तन्वीर गोठ्यात उभा राहून दोन-दोन मिनिटं बोलायला लागला, अन् शेळ्या रवंथ करत ऐकायच्या. पण शेळ्या प्रश्न विचारत नाहीत, ही अडचण.

मग काकांना सुचलं. “आमच्या खोडदला जा की! तिथं त्या मोठाल्या तबकड्या हायत आकाशाचं ऐकायच्या. परदेशी साहेब येत्यात. एखाद्या गोऱ्याला धर अन् बोल.”

तन्वीर पोचला खोडदला. टपरीवर चहा सांगितला. बोलणं रेकॉर्ड करायला मोबाईल काढला, तर टपरीवाला म्हणाला, “पावनं, त्या अँटेनाच्या बाजूला जायचं असंल तर आधी ते बंद करा. आभाळातलं ऐकताना तुमच्या फोनचा कालवा नको.” तन्वीरनं फोन बंद केला. म्हणजे पुढं जे झालं त्याला पुरावा नाही, आणि गल्लीत आजही कुणी ते खरं मानत नाही.

सायकलवरून एक उंच गोरा माणूस आला, टोपी काढली अन् बाकड्यावर बसला. तन्वीरनं छाती भरून घेतली.

“गुड मॉर्निंग सर. आय ॲम तन्वीर. आय वाँट टु टॉक विथ यू.”

साहेबाचा चेहरा उजळला. “नमस्कार! मी मराठी भाषा शिकत आहे. कृपया आपण मराठीत बोलावे.”

“नो नो सर. इंग्लिश.”

“नाही, नाही. मराठी. माझ्या शिक्षिकेने सांगितले आहे, दररोज एका अनोळखी माणसाशी बोलावे. आज तुम्ही आहात.”

दोघंही हट्टी. साहेब विचारायचा, “आपल्या भागात कोणते पीक येते?” आणि तन्वीर म्हणायचा, “व्हिच क्रॉप यू लाइक?” साहेब म्हणायचा, “मला द्राक्षे आवडतात.” टपरीवाला दोघांकडं आळीपाळीनं बघत होता आणि चहा उतू चालला होता. शेवटी वैतागून तन्वीरच्या तोंडून निघालं, “काय राव तुमी!” साहेबानं ताबडतोब खिशातून पेन काढला अन् हातावर ‘राव’ लिहून घेतलं. जाताना म्हणाला, “आपल्याशी बोलून माझी मराठी पुष्कळ सुधारली. आभारी आहे राव.”

इंग्रजी सुधारायला गेलेला तन्वीर दुसऱ्याची मराठी सुधारून परत आला. एसटीच्या खिडकीतून त्या पांढऱ्या तबकड्या दिसत होत्या. त्या आभाळातलं ऐकत होत्या म्हणे. खाली बसलेल्या माणसाचं कुणी ऐकत नव्हतं.

अखेर तोडगा मॅडमनीच काढला. “तुझी गाडी मधेच थांबते, कारण पुढं काय बोलायचं ते विसरतोस आणि मग प्रश्न विचारून वेळ काढतोस. प्रत्येक मुद्द्याला एक बोट दाब. पहिला मुद्दा, पहिलं बोट. दुसरा मुद्दा, दुसरं बोट. उलटा प्रश्न विचारायला जागाच ठेवू नकोस.”

आणि काय जादू! फर्स्टली म्हटलं की एक बोट, सेकंडली म्हटलं की दोन. तन्वीरची गाडी धावायला लागली. गोठ्यात, एसटीत, जेवताना भाकरी मोडताना, सगळीकडं बोटं चालू. अम्मीला वाटलं, पोरगं तसबीची माळ ओढतंय. तिला बरं वाटलं. मॅडम म्हणाल्या, आता साडेपाच. तन्वीर घासाघीस न करता घरी आला.

परीक्षा आठवड्यावर आली होती तेव्हा टेम्पोचा मागचा फाळका कासमभाईंच्या उजव्या हातावर पडला. हाड वाचलं, पण बोटं सुजून वांग्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी सोमवार. आणि गोठ्यात पाच बोकड, वर्षभर ईदसाठी म्हणून वाढवलेले. हिरवा चारा, मका, शेंगदाण्याची पेंड. त्यांच्या अंगावरून हात फिरवला तर हात घसरायचा.

“तू जा,” कासमभाईंनी रुमाल त्याच्या खांद्यावर टाकला. “नगाला आठ हजाराच्या खाली यायचं न्हाई. झीशान येईल आळेफाट्याचा. गोड बोलंल. हात घट्ट ठेव.”

झीशानशेठ म्हणजे कासमभाईंचे जुने प्रतिस्पर्धी. दोघं एकमेकांना भाईजान म्हणायचे आणि एकमेकांच्या बोकडांच्या वयावर शंका घ्यायचे. बाजारात ते आलेच. पाचही बोकडांच्या पाठी चाचपल्या, नाक मुरडलं, म्हणजे माल आवडला. हात पुढं केला. तन्वीरनं रुमाल टाकला.

आता हा सौदा काही घाईचा नसतो. एक बोट दाबायचं, मग आभाळाकडं बघायचं. मग गावच्या लग्नाची चौकशी करायची. मग दुसरं बोट. झीशानशेठनी पाच दाबले. तन्वीरनं नऊ. झीशानशेठ आभाळाकडं बघत राहिले. वेळ जाईना. परीक्षा आठवड्यावर. आणि तन्वीरच्या डोक्यात विचार आला, एवढा वेळ फुकट कशाला घालवायचा? तोंड तर रिकामंच आहे. त्यानं मनातल्या मनात, ओठ हलवत, ‘माझा आवडता ऋतू’ सुरू केलं.

फर्स्टली, हिवाळा थंड असतो.

झीशानशेठची भुवई वर गेली.

सेकंडली, हिवाळ्यात बोरं येतात.

झीशानशेठचा श्वास अडकला. समोरचं पोरगं आभाळाकडं बघत पुटपुटतंय अन् नवावरून एकदम एक-दोनावर आलंय! याला ऊन लागलं की काय? की माल चोरीचा आहे?

थर्डली, असं म्हणून तन्वीरनं तीन बोटं कचकचून दाबली, कारण हा त्याचा सगळ्यात आवडता मुद्दा होता, हुरड्याचा. आणि त्या आनंदात त्याचा दुसरा हात उठला, जसा तो गोठ्यात भाषण करताना उठायचा. त्या हातात रुमालाचं टोक होतं.

रुमाल उठला.

“झाला!” झीशानशेठ ओरडले. “तिनाला झाला! पाचही!”

“काय तिनाला?” तन्वीर हुरड्यातून बाहेर आला.

“तूच दाबलीस की तीन बोटं. तूच रुमाल उचललास. समद्यांनी बघितलंय.”

बघितलं होतंच. सगळा बाजार गोळा झाला. तन्वीरचं टाळकं सटकलं, शब्द ओठावर आले, असे की उरसातला तो प्रसंग त्यापुढं फिका पडला असता. तेवढ्यात झीशानशेठ हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या बाचा रुमाल हाय ह्यो. फिरवतोस का बोल.”

तन्वीरच्या घशातून शब्द माघारी गेले. सांगणार तरी काय? की मी सौदा करत नव्हतो, हिवाळ्याबद्दल इंग्रजीत बोलत होतो? त्यानं पाच दोर सोडले अन् झीशानशेठच्या हातात दिले. बोकडांनी मागं वळून बघितलं. निदान तन्वीरला तरी तसं वाटलं.

घरी कासमभाई ओट्यावर बसले होते. गिरणी बंद होती, म्हणजे बातमी आधीच पोचली होती.

“केवढ्याला गेले?”

तन्वीरनं उलटा प्रश्न विचारला नाही. “तिनाला.”

कासमभाईंनी गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “झीशान हसला का?”

“हसला.”

“लई?”

“लई.”

“कशावर बोलत व्हतास?”

“आवडत्या ऋतूवर.”

“कोनता?”

“हिवाळा.”

कासमभाईंनी मान हलवली. “लई महाग पडला हिवाळा.”

तन्वीर म्हणाला, “मी न्हाई जात अब्बा. ऱ्हाऊ दे ती परीक्षा.”

आणि इथं कासमभाई भडकले. बोकडांवरून नाही भडकले, यावरून भडकले. “न्हाई जात म्हंजी? आपला एक डाव ठरलाय. शब्द दिलाय मी, तू पन दिलायस. आन् आता नापास झालास तर ते पाच बोकड फुकट गेले. बस हितं.”

त्यांनी चांगला डावा हात पुढं केला, तन्वीरचा हात धरला, त्याची बोटं मुठीत आवळली आणि वर रुमाल टाकला. “आता बोल इंग्रजी. बोट हालू देनार न्हाई मी.”

“काय बोलू?”

“इचारू नको. मी इचारतो. का जायचंय तुला?”

तन्वीरची बोटं फडफडली, पण मूठ पक्की होती. मोजायला बोट नाही, उलटा प्रश्न विचारायला परवानगी नाही. मग तो बोलायला लागला. तुटक, चुकत, पण थांबला नाही. इंग्रजीत तो म्हणाला, की आता व्यापारी बोकडांचे फोटो फोनवर बघतात अन् भाव ग्रुपवर टाकतात. दर सोमवारी रुमाल कमी होत चाललेत, मी मोजलेत. तुमच्याएवढा बाजार कुणाला कळत नाही, आणि एक दिवस तुम्ही तिथं रुमाल घेऊन बसाल अन् समोर हात द्यायला कुणी येणार नाही. ते मला बघवणार नाही. म्हणून पुढं जे काय येणार आहे ते मला आधी शिकून यायचंय. आणि मी परत येणार आहे.

मराठीत हे त्यानं मेला तरी सांगितलं नसतं.

कासमभाईंना त्यातलं ‘मार्केट’ अन् ‘फोटो’ एवढंच कळलं असावं. पण मूठ त्यांनी सोडली नाही. “लांब बोललास,” ते म्हणाले. “कुठं आडलं न्हाई.” मग दोघं रोज बसायला लागले. कासमभाई मराठीत विचारायचे, बोकडाचे दात का बघतात, तुझी अम्मी का रुसलीये, झीशानचं काय करावं. तन्वीर इंग्रजीत उत्तर द्यायचा. हौशीरामकाकांची गिरणी त्या आठवड्यात जवळजवळ चाललीच नाही.

परीक्षेला पुण्याला जाताना कासमभाईंनी रुमाल त्याच्या खिशात कोंबला. केंद्राच्या दारात गार्डनं तो काढला.

“आत काही न्यायचं नाही.”

“रुमाल हाय.”

“दिसतंय. नाही न्यायचा.”

गार्डनं रुमाल उलटा करून बघितला, उजेडात धरून बघितला, एका चौकड्यात काही लिहिलंय का ते बघितलं. मग वास घेतला अन् लगेच नाकापासून लांब धरला. “कसला वास आहे हा?”

“बोकडाचा,” तन्वीर म्हणाला. मागं रांगेत कुणीतरी खिदळलं. तन्वीरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ओठावर आलेले शब्द त्यानं माघारी धाडले. झीशानशेठच्या वेळेपासून ते आता पाठ झालं होतं. “नीट ठिवा. अब्बांचा हाय,” एवढंच बोलून तो आत गेला.

बोलण्याच्या परीक्षेला समोर पिकल्या केसांच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी कार्ड दिलं. तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या शांत जागेचं वर्णन करा.

शांत जागा! गल्लीत गिरणी, घरात भांडण, मंचरला हायवे. एकच शांत जागा होती, खोडदची, तिथं फोनही बंद ठेवतात, पण तिथला अपमान त्याला आठवायचा नव्हता. त्यानं टेबलाखाली आपल्याच उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं आवळून धरली. आणि सांगायला लागला, की बेल्ह्याचा बाजार. वरती ओरडा, धूळ, टेम्पोचे हॉर्न, शेळ्यांचं बेंबटणं. पण रुमालाखाली एवढी एवढी जागा असते, दोन हातांपुरती. तिथं कुणी ओरडत नाही, कुणी खोटं बोलत नाही. ती आमच्या भागातली सगळ्यात शांत जागा.

बाईंनी पेन टेकवला. “अँड इफ यू प्रेस द राँग फिंगर?”

‘व्हाय? यू वाँट टु बाय?’ हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तन्वीरनं ते गिळलं. “देन, मॅडम,” तो म्हणाला, “फाइव्ह गोट्स आर गॉन.” आणि सगळं सांगितलं, हिवाळ्यासकट.

निकाल आला तो सोमवारी सकाळी. टेम्पो दारात, शेळ्या चढवल्या होत्या, कासमभाईंचा हात अजून पुरता बरा नव्हता म्हणून तन्वीरच बाजारला निघाला होता. फोन वाजला. गिरणी थांबली. साळुबाई कोथिंबिरीची जुडी हातात घेऊनच आली. अम्मी दारात, पदर तोंडाशी.

तन्वीरनं वाचलं. परत वाचलं. बाजारात तयार झालेला चेहरा, त्यावरून कुणाला काही कळेना.

“काय झालं रे?” हौशीरामकाका. “पास का नापास? किती पडले?”

“गप बस हौशा,” कासमभाई म्हणाले. ते ओट्यावरून उतरले, रुमाल खांद्यावरून काढला अन् सुजलेला हात पुढं केला.

तन्वीरनं हातात हात दिला. वर रुमाल पडला. गल्ली चिडीचूप.

त्यानं हळूच, दुखू नये अशा बेतानं, अख्खा पंजा दाबला. पाच. कासमभाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, पण हात गार पडला. मग तन्वीरनं आणखी एक बोट दाबलं.

कासमभाई आभाळाकडं बघत राहिले. मग सवयीनं त्यांनी अर्धं बोट उलट दाबलं. अजून थोडं वर? तन्वीरनं मान हलवली. सहाच. शेवटचा भाव.

पोराचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. सौदा पटलेला माणूस एवढा वेळ लावत नाही. मग त्यांनी रुमाल उचलला.

“दिला,” कासमभाई म्हणाले.

“काय दिला?” हौशीरामकाका रडकुंडीला आले. “आरं कुनी सांगाल का न्हाई? काय दिला? किती?”

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. तन्वीरनं रुमाल आपल्या खांद्यावर टाकला, नाक पुसायचं होतं ते बाहीला पुसलं अन् फाळक्यावर पाय ठेवला.

“काका, झीशानशेठ वाट बघतोय. मला निघायला पायजे आता.”